सभेत वाचलेले पत्र

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि नोंदवहीतली खाडाखोड मला सहन होत नसे. चुकलेले वाचन खोडायचे नाही. त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी नवे वाचन लिहायचे, म्हणजे चूकही दिसत राहते. प्रयोगशाळेतला हा नियम मी बरोबरीच्या मुलींना तावातावाने समजावत असे. हे आरंभीच सांगते, कारण पुढे जे घडले ते अजाणतेपणी घडले असे कोणी समजू नये.

जालन्यातल्या आमच्या गल्लीत त्या वेळी वाचता येणाऱ्या स्त्रिया दोनच होत्या, माझी आई आणि मी. वडील शिक्षक होते, घरात पुस्तके होती, आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचलेली मी वस्तीतली पहिलीच मुलगी होते. पत्रे वाचून दाखवण्याचे काम एरवी पोस्टमनच करायचा. पण एका दारात वाचलेले पत्र तिसऱ्या दारापर्यंत त्याच्या आधी पोहोचलेले असायचे. म्हणून बायका पत्रे घेऊन माझ्याकडे येत. माझी पद्धत ठरलेली होती. पत्र आधी मनात वाचायचे, मग मोठ्याने, आणि त्यातला शब्द कोणाजवळ बोलायचा नाही. या पद्धतीचा मला अभिमान होता.

सर्वांत नियमाने येणारी होती ती आमच्या समोरच्या घरात राहणारी, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी अशी एका शिपायाची बायको. माहेर शहागडच्या बाजूचे. नवरा सैन्यात असल्याने ती दीर-जावेजवळ राहत होती. दीर जिनिंगमध्ये कामाला होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध संपले तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. पहिले मूल जन्मतःच गेले होते, आणि त्याही वेळी नवरा दूर होता. या खेपेला तो जवळ असावा, एवढे एकच तिचे मागणे होते.

जानेवारीत त्याचे पत्र आले. नेहमीप्रमाणे वर "सप्रेम जय भीम", खाली शाळकरी, गोल अक्षर. युद्ध संपले असले तरी त्याची तुकडी अजून नव्या बांगलादेशातच होती. त्याने लिहिले होते: "इथले लोक आमचे हात धरून म्हणतात, तुम्ही जाऊ नका. तुम्ही गेलात तर आम्हांला भीती वाटते. पण माझे मन घराकडे लागले आहे. सुट्टीला नाव दिले आहे, फेब्रुवारीत नंबर लागेल. तुझ्या वेळेला मी येतो."

तिने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले की तिचे ओठ माझ्या आधी हलत आहेत.

त्याच आठवड्यात गावातल्या एका मंडळाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय होता, "विजयानंतर आपले सैन्य परक्या भूमीवरून तातडीने परत बोलवावे." बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. मला परत बोलवण्याच्या बाजूने बोलायचे होते, कारण तिकडे युक्तिवाद सोपे होते. चिठ्ठी निघाली विरोधाची. सैन्य तिथेच राहावे, हे मला सिद्ध करायचे होते. विज्ञान शाखेतून उतरलेली मी एकटीच मुलगी होते. कला शाखेतला एक मुलगा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "सायन्सच्या बाईंना बोलायला समोर परीक्षानळी लागती. मंडळाला सांगा, एक ठिवा म्हणावं."

हसणाऱ्यांची तोंडे मी लक्षात ठेवली. स्पर्धा जिंकायचीच, हे तिथेच ठरले.

तयारी मी प्रयोगासारखी केली. वर्तमानपत्रांतून मुद्दे काढले: लोकांच्या हातांत राहिलेली शस्त्रे, परतणारे निर्वासित, तुटलेले पूल, नव्या सरकारचे कच्चे प्रशासन. सगळे मुद्दे ठीक होते आणि सगळे दुसऱ्यांचे होते. प्रतिस्पर्ध्यांकडेही तीच वर्तमानपत्रे होती. माझ्याकडेच असेल असा पुरावा मला हवा होता, आणि तो कुठे आहे हे मला ठाऊक होते. पत्रासाठी तिची परवानगी मी मागितली नाही. तिला एवढेच म्हटले, "उद्या सभेला या. बायकांना बसायला वेगळी जागा आहे."

ती जावेला घेऊन आली. मंचाच्या उजव्या हाताला, सतरंजीच्या कडेला, भिंतीला पाठ टेकून बसली.

माझ्या आधी तोच मुलगा बोलला, आणि चांगला बोलला. "शेजारच्या घराला आग लागली, आपण धावत जाऊन विझवली. ठीक. पण म्हणून त्याच घरात पथारी टाकून बसायचं का? चार दिवसांनी घरमालक चहा द्यायचा बंद करील, आठ दिवसांनी विचारील, पाव्हणे, कधी निघून राह्यले?" सभा खळखळून हसली. अध्यक्षही हसले.

मी उठले आणि म्हणाले, घरमालक काय म्हणतो ते आपण इथे बसून कल्पनेने ठरवू नये. तिथे उभ्या असलेल्या माणसाला विचारावे. मग कागद न पाहता पत्रातली वाक्ये म्हटली. जालन्याच्या एका गल्लीतल्या जवानाने आपल्या घरी लिहिलेले पत्र, असे सांगून. "इथले लोक आमचे हात धरून म्हणतात, तुम्ही जाऊ नका. तुम्ही गेलात तर आम्हांला भीती वाटते." आणि तिथे थांबले. किती वेळ थांबायचे याचा सराव मी घरी केला होता. सभा शांत झाली आणि मग टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत मी उजवीकडे पाहिले. जाऊ टाळ्या वाजवत होती. ती मात्र माझ्याकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. पुढचे वाक्य ती म्हणत होती.

पहिले पारितोषिक मला मिळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. पोट सांभाळत उंबऱ्याशी बसली. आत या म्हटले तर आली नाही.

"ताई, ते पुढचं काहून न्हाई वाचलं?"

मी सांगितले की वादात आपल्या बाजूला लागेल तेवढेच घ्यायचे असते, सगळेच तसे करतात.

"बाजू तुमची व्हती. पत्र माझं व्हतं." ती आवाज न चढवता बोलत होती. "तिथं बसलेल्या समद्यांला वाटलं, ह्या माणसानं तिथंच ऱ्हावं. अन् ते कशावरून वाटलं, तर माझ्याच पत्रावरून. मी सतरंजीवर बसून ऐकू राह्यले. मला तर वाटलं, उठावं अन् पुढचं म्हणावं. पण एवढ्या मान्सात बाईनं कसं उठावं?"

मी चुकले, असे मी म्हणाले. ते खरेही होते. पण म्हणताना घाई होती, विषय संपावा अशी.

"मंग कागद घ्या. त्यांना लिहा."

मी अंतर्देशीय पत्र काढले. ती सांगू लागली. "लिहा, तुमचं पत्र ताईंनी सभेत वाचलं. अर्धं वाचलं. लोक जाऊ नका म्हणतात तेवढंच वाचलं, मन घराकडं लागलंय ते न्हाई वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी न्हाई वाजवल्या. मला लई भ्या वाटू राह्यलं. सुट्टी मिळाली की निघा, कोणासाठी थांबू नका. हे पत्र ताईच लिहून राह्यल्यात. बरं झालं, त्यांलाबी कळंल."

माझे पेन चालत होते. मी लिहिले ते असे: "तुमच्या पत्रातील मजकूर येथील मोठ्या सभेत वाचण्यात आला. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मला फार अभिमान वाटला. सुट्टी मिळाल्यास यावे. इकडील सर्व कुशल आहे, काळजी नसावी."

दूर असलेल्या शिपायाला असल्या गोष्टींनी अस्वस्थ करू नये, असे कारण मी त्या क्षणी स्वतःला दिले. ते दुसरे कारण होते. पहिले हे, की ते पत्र तुकडीतले आणखी चारजण वाचतील आणि माझ्याविषयीचा तो मजकूर माझ्याच अक्षरात असेल. "काळजी नसावी" तर विचार न करताच लिहिले गेले. प्रत्येक पत्राच्या शेवटी मी ते लिहीत असे.

"वाचा आता," ती म्हणाली.

मी पत्र समोर धरले आणि तिने सांगितलेला मजकूर आठवून तिला म्हणून दाखवला. एकही शब्द चुकला नाही. माझी स्मरणशक्ती उत्तम होती.

उत्तर फेब्रुवारीच्या मध्याला आले. तिला आता खाली बसणे जड जात होते. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली. मी पत्र उघडून सवयीप्रमाणे नजर फिरवू लागले, तोच ती म्हणाली, "मनात नका वाचू. मोठ्यानं वाचा. एकदमच."

मी वाचू लागले. हवापाणी, जेवण, दिराला नमस्कार. मग: "तुझे पत्र सर्वांना वाचून दाखवले. माझा मजकूर सभेत वाचला आणि तुला अभिमान वाटला हे वाचून बरे वाटले. तू रडत असशील असे मला वाटत होते. आमच्यातल्या एकाचे वडील फार आजारी आहेत. तू काळजी नसावी लिहिलेस म्हणून साहेबांना विचारून माझा सुट्टीचा नंबर त्याला दिला. मी नंतर"

मी तिथे थांबले. पुढचा मजकूर डोळ्यांसमोर होता, पण वाचवेना.

"वाचा," ती म्हणाली.

मी शेवटपर्यंत वाचले. त्यात आणखी विशेष काही नव्हते.

"मी असं लिवायला सांगितलं व्हतं का?"

"नाही."

"मंग तुम्ही मला काय वाचून दाखवलं?"

"तुम्ही सांगितलं होतं ते."

हे समजायला तिला वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोपे झाले असते. तिने आधी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले, मग खोलीतल्या माझ्या पुस्तकांकडे, जणू त्यांतल्याही कशाचा आता भरवसा उरला नव्हता. पत्र माझ्या हातातून घेतले, घडी केली आणि गेली. मी आजच दुसरे पत्र टाकते, खरे ते सगळे लिहिते, असे मी तिच्या पाठीला म्हणाले. तिने मागे वळून पाहिले नाही. ते पत्र मी लिहिलेही नाही. सुट्टी दुसऱ्याची झाली होती. आता खरे सांगून काय बदलणार, असा हिशेब मी मांडला, आणि तो मला सोयीचा होता. संध्याकाळी ती तेच पत्र हातात घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोस्टमनची वाट पाहत उभी दिसली.

महिना संपता संपता तिला मुलगी झाली, सुखरूप. माझी आई रात्रभर तिच्याजवळ होती. मी पाणी तापवून आईच्या हाती देत होते. आत जाण्याचे धाडस मला झाले नाही. मार्चमध्ये सैन्य परत आले. वर्तमानपत्रात ती बातमी मी उभ्याने वाचली आणि माझ्या सभेतल्या मुद्द्यांपैकी एकही मला आठवेना.

तो एप्रिलमध्ये आला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला खांद्यावर घेऊन, बायकोला बरोबर घेऊन आमच्या दारी आला. उंच, उन्हाने रापलेला, बोलायला संकोचणारा. वडिलांच्या पाया पडला, मग मला म्हणाला, "ताई, तुमचे लई उपकार झाले. ते सभेचं पत्र तुम्हीच लिवलं व्हतं ना? आमच्या साहेबांनीबी वाचलं. म्हन्ले, बायको असावी तर अशी."

वडिलांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिले. बोलायचे होते ते माझ्या तोंडात तयार होते. मी तिच्याकडे पाहिले. तिने मान किंचित हलवली, नको, म्हणून. मग मुलीच्या डोक्यावरचे कुंचडे नीट करत नवऱ्याला म्हणाली, "चला. पोरीला ऊन लागंल."

त्याला आपल्या बायकोच्या अभिमानाचे सुख झाले होते, आणि ते ती मोडणार नव्हती. मी गप्प बसले. ती गप्प बसली त्याच्यासाठी. मी कोणासाठी, हे त्या दोघांना गल्ली ओलांडताना पाहत असताना मला पुरते कळत होते.