भांडारात न ठेवलेली किल्ली

अमडापुरात बिलकिसआपांचा कॉम्प्युटर क्लास आहे. आपांची नक्कल करायला एकदम सोपी. चष्मा कपाळावर ढकलायचा, भुवई उडवायची आणि म्हणायचं, "काऊन बे, फुकटचं हाय म्हून त्याले इज्जत नाई का?"

हे फुकटचं म्हणजे लिनक्स, विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी मोफत प्रणाली. लोकांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर आपा दुरुस्त करतात, त्यांत लिनक्स टाकतात आणि गावोगावच्या वाचनालयांत बसवतात. खेड्यांत नेट रांगतं, म्हणून लिनक्सला लागणारे सगळे प्रोग्राम त्यांनी आपल्या एका मशीनवर उतरवून ठेवलेत. त्याला त्या 'भांडार' म्हणतात. वडनेर भोलजीपासून दुसरबीडपर्यंतची वाचनालयं हार्डडिस्क आणून ते भरून नेतात.

त्या भांडाराच्या मागे लागले गुलाबराव. हे आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, घरी पाणी मागतात तेही माइकसमोर उभं असल्यासारखं. त्यांनी जुन्या नाटकांच्या डीव्हीडींचा संच विकत आणला, रविवारी म्हाताऱ्या मंडळींसाठी खेळ जाहीर केला, आणि डिस्क काही लागेना.

"आपा! तुमचं लिनक्स डिस्क गिळते अन् ढेकरही देत नाही!"

"भाऊ, नकला निघू नये म्हून कंपनीनं डिस्कले कुलूप लावलं हाय. ते उघडणारा प्रोग्राम अलग असते."

"मंग टाका भांडारात! साऱ्या गावाइले होऊन जाईल."

"तेच तं नाई करत मी. भांडारातून कोण नेते, कायले नेते, मले काय मालूम? एखादा नकला काढून बाजारात इकन, अन् केस होईन माह्यावर."

"असं? मग सोमवारी सगळ्या मशिनींवर बाजारातलं विंडोज टाकतो. बाकी वाचनालयांनाही सांगतो."

"चोरीचं?"

"सगळेच टाकतात!"

आपा हसल्या नाहीत. गुलाबराव फिरले तर बाकीचेही फिरतील, आणि इतक्या वर्षांनी उभं केलेलं भांडार धूळ खात पडेल. त्यांनी चिखलीच्या वकिलांना फोन लावला. वकीलसाहेबांची नक्कल म्हणजे नाकातून एकच वाक्य: "तसं पाहिलं तर चालतं, पण तसं पाहिलं तर नाही."

इकडे गुलाबरावांनी आपांवर दबाव आणायला बाजारच्या दिवशी भोंग्यावरून पुकारलं, "बिलकिसआपांकडे डीव्हीडीचं कुलूप फोडून मिळेल!" भोंगा जुनाट. 'डीव्हीडी' त्यानं खाऊन टाकली, कुलूप तेवढं बाहेर आलं.

तासाभरात गावातल्या म्हाताऱ्या सोजराबाई डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन क्लासात हजर.

"माय, किल्ली हरपली. फोड."

सगळा क्लास हसून बाकांवर आडवा. आपांनी मात्र हातोडी काढली.

"पेटी कोणाची, आजी?"

"माह्यी नाई तं काय तुह्यी?"

"अंदर काय हाय?"

"लुगडे. एवढं कायले पुसून राह्यली? फौजदार हायेस का?"

एका घावात कुलूप खाली. आपांनी चष्मा कपाळावर ढकलला. "बस. डिस्कचंबी असंच करू."

वकिलांच्या 'तसं पाहिलं तर'मधून एक गोष्ट पक्की निघाली होती. डिस्क आपली असेल, कायद्यानं मना केलेलं काही करायचं नसेल, तर कुलूप उघडणं गुन्हा नाही. पण दुसऱ्याला उघडून देणाऱ्यानं त्याचं नाव, पत्ता, कारण लिहून ठेवायचं. म्हणजे ही किल्ली, तो उघडणारा प्रोग्राम, भांडारात ठेवायची नाही, जो येईल त्याला विचारून, लिहून घेऊन हातानं बसवून द्यायची.

रविवारी सगळी मंडळी बसलेली असताना आपा वही घेऊन वाचनालयात आल्या.

"नाव सांगा, भाऊ."

"आपा! माझं नाव तुम्हाला माहीत नाही?"

"मले हाय. कायद्याले नाई."

लोक खिदळले. गुलाबरावांनी घसा साफ केला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, संचाची पावती दाखवली.

"कारण?"

"पाहणे! फक्त पाहणे! नक्कल एकही नाही!" असा आवाज, की नाटकाआधीच टाळी पडली.

पुढच्या बाकावरून सोजराबाई म्हणाल्या, "मले तं नाव नव्हतं पुसलं!"

"तुह्या कुलपाले कंपनी नाई, आजी."

आपांनी प्रोग्राम बसवला, डिस्क लागली आणि पडद्यावर नाटकाची घंटा झाली. तेवढ्यात आपांचा फोन वाजला. त्यांचे हात कीबोर्डवर, म्हणून गुलाबरावांनी उचलला. वडनेर भोलजीचे ग्रंथपाल होते. "काहो, तिथं डीव्हीडीचं कुलूप फोडून देतात म्हणे?"

"फोडत नाहीत!" गुलाबराव गरजले. "उघडतात! पहिले नाव सांगा!"