खिळ्यावरचा आर्म

धुळ्यातल्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. सकाळी दुकान उघडून त्याने देवाला उदबत्ती ओवाळली, पान्यांना ओवाळली, मग भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या एका तुटक्या लोखंडी आर्मलाही.

खड्ड्यात आपटल्यापासून माझी गाडी डावीकडे ओढत होती. त्याने चाक धरणारा आर्म काढला, त्याच्या कडेला दोरा ताणला. मधे बोटभर फट दिसली.

"ठोकून सरळ करा हो. जळगावपर्यंतच जायचंय," मी चिकटपणा केला.

त्याने खिळ्याकडे बोट दाखवलं. "तो मन्हा भाऊना गाडीना शे. मीच ठोकीसन सरळ करी दिन्हा व्हता. घाटमा तुटना."

मी नवाच आर्म टाकायला सांगितलं.

नवा आर्म बसवल्यावर त्याने माझा जुना कटरखाली धरला आणि मधोमध कापला. आता तो कुणालाच सरळ करता येणार नव्हता.