विहीणबाईंच्या होडीचं अर्थिंग

वायरमनला सगळे 'दोनहात' म्हणायचे. त्याचा मारामारीशी काही संबंध नव्हता. पस्तीस वर्षं त्यानं लोकांच्या घरांत वायरिंग केलं आणि जिथे काम केलं तिथून रंगाचे दोन हात मारल्याशिवाय कधी निघाला नाही. मीटरची पेटी असो, पंख्याचा हूक असो, नाहीतर कुणाच्या माळ्यावरचा गंजका खिळा असो, आपला डबा उघडायचा आणि ब्रश फिरवायचा. रंगही त्याचा स्वतःचा, उरल्यासुरल्या डब्यांतून ढवळून केलेला आकाशी, जगात दुसऱ्या कुठल्या दुकानात न मिळणारा. बायको म्हणायची, या घरात एका जागी फार वेळ उभं राहायची सोय नाही. निवृत्त झाल्यावर तर हाताला काम राहिलं नाही, तसं हे वेड जास्तच फोफावलं.

त्याची मुलगी दिली होती खाडीच्या धक्क्यावर. तिची सासू, म्हणजे याची विहीणबाई, बावीस वर्षं मशीनची होडी चालवत होती. माणसं, सायकली, शिवणयंत्रं, जे येईल ते या काठावरून त्या काठावर. बाई बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. त्या बघायला लागल्या की वायरमन घाबरून बोलत सुटायचा. त्यामुळे आजवर त्यानं विहीणबाईंना विजेविषयी जेवढं ज्ञान दिलं होतं, तेवढं हाताखालच्या माणसांनाही दिलं नव्हतं.

आता विहीणबाईंचे गुडघे गेले होते. जावई शीतगृहात पेट्यांच्या नोंदी लिहायचा आणि त्या नोकरीला तो विटला होता. त्याला होडी हवी होती. लहानपणापासून हवी होती. बाई द्यायलाही तयार होत्या. हौसेनं त्यानं महिन्यापूर्वी होडीला नवा दिवा, नवा भोंगा आणि तळातलं पाणी उपसणारा पंप बसवला, सगळं वायरिंग स्वतःच्या हातानं केलं आणि तिथून होडीच्या अंगात आलं.

भोंग्याचं बटण दाबलं की भोंगा घोगरं कण्हायचा आणि पंप सुरू व्हायचा. दिवा लावला की डिझेलचा काटा टाकी भरल्यासारखा वर चढायचा. किल्ली फिरवली की इंजिन नुसतं 'टक' करून गप्प. जावयानं दोनदा इथलं-तिथलं आवळलं, "सैल होतं, आता ठीक आहे" म्हणाला, आणि दोन्ही वेळा दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या खेपेला तर होडी मध्यावर बंद पडली. होडीत अकरा माणसं होती. विहीणबाईंनी गेलेल्या गुडघ्यांनिशी वल्ही मारत ती काठाला आणली आणि उतरल्यावर मुलाला बजावलं, की आता सैल होतं, घट्ट होतं हे चालायचं नाही. शनिवारी चारच्या आत दोष कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायचं. नाही जमलं तर होडी पलीकडच्या काठावरच्या बर्फवाल्याला, आणि तू तुझ्या वहीकडे परत.

यात वायरमननं काय केलं? तर तोंड चालवलं. न्हाव्याकडे, चांभाराकडे, पिठाच्या गिरणीत, जिथे बाक दिसेल तिथे बसून तो सांगत सुटला की जावयाचं वायरिंग नासकं आहे, नवशिक्याच्या हातात पक्कड गेली की असंच होणार. वर आपण हे जावयाच्या भल्यासाठीच बोलतोय अशी त्याची खात्री होती.

म्हणून शनिवारी दुपारी जावई स्वतःच दारात येऊन उभा राहिला आणि "बाबा, जरा होडी बघायला येता का?" म्हणाला, तेव्हा वायरमनला मूठभर मांस चढलं. त्यानं पिशवी उचलली, मीटर घेतला, आणि निघताना सवयीनं रंगाचा डबाही घेतला.

होडी धक्क्याला बांधलेली होती. विहीणबाई वर तिकिटाच्या खोपटात पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी बघितलं, आणि वायरमन सुरू झाला. म्हणाला, विहीणबाई, घरात अर्थिंग म्हणजे खड्डा खणून पुरलेली पट्टी, ती माणसाचा जीव वाचवायला. होडीला कुठली जमीन? इथे अर्थिंग म्हणजे काळी वायर. लाल वायरनं गेलेला करंट काळ्या वायरनं बॅटरीत घरी परतला पाहिजे. त्याची वाट अडली की तो शेजाऱ्याच्या परसातून जातो. भोंग्याचा करंट पंपातून घरी चाललाय, म्हणून पंप फिरतोय. आणि ही वाट कुणी अडवली ते मी आत्ता दाखवतो. असं म्हणून त्यानं जावयाकडे असा काही कटाक्ष टाकला की खोपटातल्या तिकिटांनाही समजावं.

जावई हळूच म्हणाला, आधी मागची पट्टी उघडून बघायची का. सगळ्या काळ्या वायरी, इंजिनची जाडसुद्धा, होडीच्या मागच्या बाजूला एका झाकणाखाली पितळी पट्टीवर एकत्र येत होत्या. वायरमन म्हणाला, पट्टीला काय धाड भरलीय, ती वर्षानुवर्षं तिथेच आहे. नवीन काम तपासायचं आधी.

मग त्यानं जावयाचं काम उकलायला घेतलं. भोंग्याचा सांधा सोडला; आत कथिलाचा डाग नीट, वर नळी चढवलेली. दिव्याचा सोडला, तसाच. पंपाच्या वायरी पाण्यापासून वीतभर उंच, दर हातावर बांधलेल्या, कुठे पीळ नाही, कुठे ताण नाही. तास गेला, दीड तास गेला. नावं ठेवायला एक जागा सापडेना, तसा वायरमन चिडत गेला. दुसऱ्याच्या कामात चूक शोधायला बसावं आणि काम आपल्यापेक्षा चांगलं निघावं, यासारखा अपमान नाही.

"पट्टी उघडू का, बाबा?" जावयानं पुन्हा विचारलं.

वायरमननं ऐकलं न ऐकलं केलं. त्यानं बॅटरीच्या काळ्या खुंटीपासून एक लांब मोकळी वायर ओढून थेट भोंग्याच्या काळ्या टोकाला लावली आणि बटण दाबलं. भोंगा असा दणकून वाजला की धक्क्यावरचा एक म्हातारा टोपी सावरत उठून बसला. पंप गप्प. म्हणजे भोंगा चांगला, बटण चांगलं, बॅटरी चांगली. मग मोकळी वायर काढून त्यानं मीटर लावला, एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीला, दुसरं भोंग्याच्या काळ्या वायरला, आणि जावयाला बटण दाबायला सांगितलं. तिथे काटा हलायलाच नको होता. तो सातावर जाऊन बसला. बॅटरीच्या बारा व्होल्टांतले सात वाटेतच अडकत होते, आणि त्या वाटेवर आता एकच मुक्काम उरला होता.

साडेतीन वाजले होते. पलीकडच्या काठावरून बर्फवाला दुसऱ्या कुणाच्या होडीत बसून येताना दिसत होता.

वायरमननं झाकणाचे चार स्क्रू काढले. आत पट्टी होती. आकाशी.

तो नुसता बघत राहिला. मग आठवलं. मागच्या वर्षी होडी काठावर ओढली होती, तेव्हा जावयाला मदत म्हणून आपणच मागची बाजू रंगवायला घेतली. पट्टी हिरवी पडलेली दिसली. आपण ती सोडली, घासली, चांगले दोन हात दिले, वाळवली आणि सगळ्या वायरी तशाच रंगावर आवळून टाकल्या. हयातभर घराच्या वायरी ओढलेला माणूस, पट्टी म्हणजे जमिनीत पुरायची वस्तू, एवढंच डोक्यात. रंगातून करंट जात नाही; स्क्रूच्या आट्यांमधून तेवढा कसाबसा जात राहिला. पुढे खारं पाणी लागून आटेही गंजले, आणि त्याच सुमारास जावयानं नवीन सामान बसवलं.

पण खरा धक्का पुढे होता. त्यानं कडेचा एक स्क्रू काढला, तर खाली तेवढीच बोटभर जागा खरवडून लखलखीत केलेली, आणि स्क्रू परत जागच्या जागी बसवलेला. कुणीतरी आधीच इथवर पोचलं होतं.

वायरमननं मान वर केली. जावई पाण्याकडे बघत होता.

"कधी कळलं?"

"पंधरवडा झाला."

"मग बोलला का नाहीत? खरवडून टाकायची, संपलं असतं."

"आईला बोट ठेवून दाखवायचं होतं ना," जावई म्हणाला. "ते बोट तुमच्यावर आलं असतं. म्हटलं, तुम्हालाच आणावं. तुम्ही बघाल, गुपचूप काहीतरी कराल."

वायरमनला लाज वाटली, फार वाटली. पोरगा होडी घालवायला तयार झाला, आणि आपण त्याच पंधरवड्यात न्हाव्याकडे बसून त्याची अब्रू वेशीला टांगत होतो. तो वायरी सोडायला लागला. दोघांनी मिळून पट्टी पॉलिश पेपरनं पिवळीधमक होईपर्यंत घासली, वायरी परत आवळल्या. किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

तोवर विहीणबाई काठी टेकत खाली आल्या होत्या आणि त्यांच्यामागे बर्फवाला. त्यांनी मुलाला विचारलं, दोष कुठे होता. जावयानं तोंड उघडलं, पण वायरमन मध्ये पडला.

"दोष माझा, विहीणबाई. करंट जायच्या पट्टीला मी रंग दिला. यांच्या वायरिंगला नाव ठेवायला जागा नाही, दीड तास शोधली. आणि हे त्यांना पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं. माझं नाव घ्यायला नको म्हणून होडी सोडून द्यायला निघाले होते."

विहीणबाईंनी बघितलं. या खेपेला वायरमनला बोलायला काही उरलं नव्हतं, तेव्हा तो तसाच उभा राहिला.

"पस्तीस वर्षं वायरमन होतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं," म्हणून त्यांनी कमरेची दुसरी किल्ली सोडून मुलाच्या हातात दिली. मग बर्फवाल्याकडे वळून म्हणाल्या, की होडी विकायची नाही, पण आलाच आहात तर तिकीट काढून पलीकडे जा, चारची खेप सुटतेच आहे. बर्फवाल्यानं निमूटपणे तिकीट काढलं. बाई बावीस वर्षांत पहिल्यांदाच उतारूंच्या फळीवर बसल्या, वायरमनशेजारी, आणि मध्यावर गेल्यावर भोंग्याच्या आवाजात म्हणाल्या, "माझं काही चुकलं तर हा अख्ख्या धक्क्याला ऐकवतो, व्याही. तुमचं तेवढं पोटात ठेवलं."

सोमवारी सकाळी वायरमन घरातून निघाला तो जिथे जिथे तोंड चालवलं होतं तिथे तिथे ते परत चालवायला. आधी न्हाव्याकडे गेला, मग चांभाराकडे, मग गिरणीत. प्रत्येक ठिकाणी सांगायचं ठरवलं होतं, की चूक माझी होती, जावयाचं काम पक्कं आहे. न्हावी दाढी करत होता, त्यानं हसून मान डोलावली. चांभारही हसला. त्यांना हे पटलेलं दिसत नव्हतं, पण वायरमननं नेटानं सांगितलं. गिरणीवाल्यानं मात्र पट्टा थांबवला आणि पूर्ण ऐकून घेतलं.

"कमाल आहे," तो म्हणाला. "तुमचे जावई काल येऊन गेले. म्हणाले, वायरिंगमध्ये चूक माझीच होती, सासऱ्यांनी एका बैठकीत शोधून दिली."

वायरमन तिथल्या बाकावर बसला. गिरणीवाल्यानं पट्टा परत चालू केला, दळण संपवलं, डबे भरले, आणि तरी तो तिथेच बसलेला होता.