मैंदर्गीचा शेर

अक्का ज्वारी घ्यायला गेल्या की ज्वारीकडे बघत नसत, शेराच्या काठाकडे बघत. वाण्यानं शेर भरून वरून हात फिरवला, की त्या शांतपणे म्हणत, "ह्ये भांडं भरलं. आता माप भर की." मग तो आणखी ओतायचा. दाणे काठावर चढायचे, त्यांचा निमुळता डोंगर व्हायचा, आणि वरचा दाणा घसरून खाली पडला की अक्का मान हलवायच्या. त्या डोंगराला शीग म्हणतात. तुम्ही नातवंडं पाकिटातलं धान्य बघत वाढलात, म्हणून सांगते. आमच्या लहानपणी धान्य मापानं मिळे, आणि शीग हा गिऱ्हाइकाचा हक्क समजला जाई.

मागच्या पत्रात तुम्ही दोघांनी लिहिलंत, की दर शनिवारी तेच सामान आणतो आणि दर शनिवारी पिशवी हलकी होते. ते वाचल्यापासून अक्का माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. तेव्हा त्यांच्याबद्दल क्रमानं लिहिते.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या बोळात सात घरं होती आणि कोपऱ्यावरच्या खोलीत अक्का राहत. मूळच्या मैंदर्गी गावच्या, कानडी बोलणाऱ्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. त्या कडक भाकऱ्या करून विकत. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची आणि निखाऱ्याशेजारी उभी करून वाळवायची. मग ती कितीही दिवस टिकते. गिरणीत जाणारे लोक सकाळी त्यांच्या पायरीवरून भाकऱ्यांची चवड घेऊन जात. अक्कांच्या मराठीत कानडी मिसळलेलं असे, आणि राग आला की मराठी जाऊन नुसतं कानडी उरे.

मला ती भाकरी फार आवडे. पण आमच्या घरात त्या काळी दुसऱ्या जातीच्या हातचं स्वयंपाकघरात येत नसे. मी अक्कांच्या पायरीवर बसून शेंगाचटणीबरोबर भाकरी खाई आणि घरी शिरताना तोंड पुशी. आईला ते ठाऊक होतं. तिनं कधी विचारलं नाही.

पहिलं महायुद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती. आता भाव उतरतील असं जो तो म्हणत होता; पण ज्वारी, तूरडाळ, तेल, गूळ चढले होते ते चढलेलेच राहिले. माझे वडील, अण्णा, कचेरीत कारकून होते, आणि त्यांचा पगार होता तिथेच होता. मी इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत होते. एका संध्याकाळी जेवताना अण्णा म्हणाले, "जूनपासून कुसुमची शाळा थांबवू. इंग्रजी शिकून काय कलेक्टर व्हायचंय तिला?" ते हसले. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती अक्कांच्या पायरीवर जाऊन बसली.

"वैनी," अक्का म्हणाल्या, "भाव आपल्या हातात न्हाय. चूल हाय."

त्या दिवसापासून आमच्या चुलीवर अक्कांचं राज्य सुरू झालं. तूरडाळ निम्मी झाली आणि तिच्या सोबतीला हुलगे आले. कोथिंबिरीच्या काड्या चटणीत वाटल्या जाऊ लागल्या. भात उतरला की उरलेल्या विस्तवावर दूध तापे. जात्याच्या खाचेत राहिलेलं पीठही आई कुंच्यानं झाडून घेई. अक्का येता-जाता दारातून चुलीकडे बघत आणि म्हणत, "जाळ मोकळा पळतोय की, वैनी. तेच्यावर कायतरी बसवा."

बाजाराचीही तऱ्हा त्यांनी बदलली. बोळातल्या सगळ्या बायकांना जमवून त्या म्हणाल्या, "एकली गेली तर गिऱ्हाईक. साती गेलो तर बाजार." पेठेच्या टोकाला गुरप्पा वाण्याचं दुकान होतं. साती घरांची ज्वारी त्याच्याकडूनच घ्यायची, त्यानं प्रत्येक शेराला शीग द्यायची, असं ठरलं. गुरप्पा सरळ माणूस होता, त्यानं मान्य केलं. त्या दिवसांत बाकीचे वाणी भाव तोच ठेवून हळूच शीग काढून घेत होते. आम्हाला मात्र ती मिळत होती.

आणि मग अक्कांनी एकदा घरी आणलेली ज्वारी आपल्या शेरानं मोजून पाहिली. तो पितळी शेर त्यांनी लग्नात माहेरहून आणला होता. आजवर त्या तो फक्त घरात पीठ मोजायला वापरत. दुसऱ्या मापाशी लावून बघायची वेळच आली नव्हती. ज्वारी कमी भरली. पुन्हा मोजली, पुन्हा कमी.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी अक्का शेर घेऊन गुरप्पाच्या दुकानात उभ्या राहिल्या. मागे बोळातल्या बायका, त्यांच्यात आई आणि मी. अक्कांनी त्याच्या शेरातली ज्वारी आपल्या शेरात ओतली. काठ भरला नाही.

"अक्का, माज्या बापाच्या हातचा शेर हाय ह्यो," गुरप्पा म्हणाला.

"मग बापापासनं चाललंय म्हन की," अक्का म्हणाल्या.

दुकानातली माणसं मोठ्यानं हसली. गुरप्पाचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून आमच्या बोळाला तो न बोलता अक्कांच्या शेरानं मोजून देऊ लागला. पण बाकीची गिऱ्हाइकं पांगली. आमच्या घरी मात्र ज्वारीचा डेरा दोन दिवस जास्त पुरू लागला. आईनं अण्णांना तो उघडून दाखवला. अण्णा म्हणाले, "बरं. शाळा चालू राहू दे."

जूनमध्ये आमच्या गणिताच्या बाईंनी मापांचा धडा काढला आणि प्रत्येकीला घरचा शेर आणायला सांगितला. मी मोठ्या ऐटीत अक्कांचा पितळी शेर मागून नेला. बाईंनी सगळे शेर ओळीनं मांडले आणि एकातलं पाणी दुसऱ्यात ओतत गेल्या. सगळे जवळजवळ सारखे निघाले. अक्कांच्या शेरात मात्र आणखी एक ओंजळ पाणी मावलं.

"हा कुठला?" बाईंनी विचारलं.

"मैंदर्गीचा."

"मग बरोबर आहे. गावागणिक शेर वेगळा असतो. हा सोलापूरचा नाही." असं म्हणून बाई पुढच्या मुलीकडे वळल्या. मला काही पुढे वळता येईना.

तीन दिवस मी गप्प राहिले. मी बोलले तर ती ओंजळ जाणार, आणि ओंजळ गेली तर शाळा जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण शाळेच्या वाटेवर गुरप्पाचं दुकान होतं. तो रिकाम्या दुकानात माशा वारत बसलेला असे आणि मला पाहिलं की मान खाली घाली. चौथ्या दिवशी मी पायरीवर बसून म्हणाले, "अक्का, तुमचा शेर मोठा आहे."

त्यांचा हात भाकरीवर होता. "मोटा म्हंजे?"

मी शाळेतलं सगळं सांगितलं. अक्कांनी हात धुतले. शेजारच्या हातमागवाल्या नरसव्वाकडून तिचा शेर आणला, ज्वारीनं भरला आणि आपल्या शेरात ओतला. काठाखाली रितं राहिलं. मग मला आमचा शेर आणायला लावलं. पुन्हा तितकंच रितं. तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. अक्कांची भाकरी जळलेली मी पाहिली ती तेवढीच.

"माज्या म्हायेरचा शेर खोटा न्हाय," त्या म्हणाल्या. "पर हितं त्यो खरा न्हाय."

"गुरप्पाला घरी जाऊन सांगू या का?" मी विचारलं. "दुपारी तो घरी असतो."

"लोकांम्होरं तेच्या बापाला चोर केलं मी. आता गपचिप घरी जाऊन सांगू व्हय?"

बाजाराच्या दिवशी, दुकानांपुढे माणूस मावत नव्हतं अशा वेळी, अक्का निघाल्या. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं होतं. साती घरांत जास्तीची गेलेली ज्वारी त्यांनी आपल्या कणगीतून काढली होती. ती गुरप्पापुढे ठेवून त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गुरप्पा, चूक माजी. तुजा शेर खरा हाय. तुज्या बापाचा बी खराच हुता."

गुरप्पानं गाठोड्याची गाठ सोडली. "दोन म्हैनं झालं, अक्का," तो म्हणाला. "मलाच वाटाया लागलं हुतं, की बापानं खरंच..."

अक्कांनी पदर खोचला आणि त्या दुकानात शिरून ढिगाशेजारी बसल्या. "आजपासनं दर बाजाराला मी हितं बसनार. तुज्याच शेरानं मापनार. बगू कोन येत न्हाय." दिवाळीपर्यंत त्यांनी तो नेम मोडला नाही. अक्का स्वतः मापतात म्हटल्यावर लोक परत आले. पहिल्या दिवशी हसलेलेही आले, त्यांना अक्का शीग लावताना विचारत, "आता हसू येत न्हाय व्हय?"

ज्वारी परत दिली त्याच संध्याकाळी अक्का आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. अण्णा ओटीवर होते.

"अण्णा, तुमच्या पोरीनं खरं सांगितलं. तेच्यापायी तिची शाळा गेली, तर हितनं पुडं ह्या बोळात खरं कोन बोलंल?"

मग त्यांनीच तोड सांगितली.

"तुमचं सरपन मी वाचिवते. माजी चूल दिसभर पेटलेलीच असती, तेच्यावर तुमच्या बी भाकरी निगतील. पीट तुमचं, हात माजा."

अण्णांनी आईकडे बघितलं. अक्कांच्या हातची भाकरी आपल्या स्वयंपाकघरात येणार म्हणजे काय, हे तिघांनाही कळत होतं. आई उठली, आत गेली आणि पिठाचा डबा घेऊन बाहेर आली. अक्कांच्या हातात डबा देत ती म्हणाली, "पातळ करा. ह्यांना पातळ लागते."

माझी शाळा थांबली नाही. काही नातेवाईक मात्र आमच्याकडे जेवायचे थांबले. आई म्हणाली, "तेवढीच बचत."

आपल्या शेराचं अक्कांनी काय केलं, हे सांगायचं राहिलं. घरात त्यांनी नरसव्वाकडे होता तसा सोलापूरचा शेर आणून ठेवला, पण मैंदर्गीचा टाकला नाही. त्यानंतर घेताना सोलापूरचा आणि देताना मैंदर्गीचा, असं त्यांचं चाले. कुणी उसनी ज्वारी मागायला आलं की पितळी शेर खाली उतरे. मी हसले तर म्हणत, "हसू नगंस, कुशे. म्हायेरचं नाव तेच्यावर हाय."

मी पुण्याला कॉलेजात असताना अक्का गेल्या. तार करायची आमच्याकडे रीत नव्हती. आईचं पत्र आलं तेव्हा आठ दिवस उलटले होते. आईनं लिहिलं होतं, की गुरप्पानं त्या दिवशी दुकान उघडलं नाही. सुट्टीत घरी गेले, तेव्हा पितळी शेर आमच्या फडताळात होता. अक्कांनी तो माझ्या नावानं ठेवायला सांगितला होता.

तो अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. परवा शेजारची नवी सून उसने तांदूळ न्यायला आली. मी शेर भरला, तशी ती म्हणाली, "आजी, तुमचं माप जरा मोठं आहे हो."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि वर शीग लावली.