फळ्यासमोर दोन पोरी

सरांनी मला आणि पल्लवीला फळ्यासमोर उभं केलं. तुलना शिकवायची होती.

“बघा. पल्लवी इज फेअरर दॅन हर.”

हर म्हणजे मी. भवानी पेठेतल्या त्या इंग्रजीच्या क्लासला तीन महिने जात होते, तरी माझं नाव सरांना येत नव्हतं.

“पल्लवी इज क्लीनर दॅन हर.” मग माझ्याजवळ येऊन त्यांनी नाक मुरडलं. “तंबाखू!”

वर्ग खदाखदा हसला. पल्लवीच्या बापाचं चादरींचं दुकान. ती खाली मान घालून उभी राहिली. मी मात्र हसले. त्यांच्याबरोबर मीही हसले, याची मला अजून लाज वाटते.

ही हसायची सवय आईकडून आली. आई विड्या वळते. मीही वळते, क्लासला जायच्या आधी, मांडीवर सूप घेऊन. सकाळी त्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथला चेकर जुडी सोडतो, चिमटीत एकेक विडी दाबून बघतो आणि मनाला येईल ती मोडून टाकतो. आईच्या तोंडासमोर. आई हसते. वर म्हणते, “असंल की साहेब, चुकलं असंल.” चुकलेलं काही नसतं. त्यातल्या निम्म्या माझ्या हातच्या असतात, मला माहीत आहे.

सरांनी पुढचा धडा काढला. पुढे काय होण्याची शक्यता आहे, ते इंग्रजीत कसं सांगायचं.

“पल्लवी विल सर्टनली गेट अ जॉब.” मग लाकडी पट्टी माझ्यावर रोखली. “नाऊ यू से. आय विल प्रॉबेबली रोल बिडीज.”

मी पट्टीच्या टोकाकडे बघत राहिले.

“बोल!”

विड्या वळण्याची मला लाज नाही. आमची चूल त्यावरच पेटते. पण माझं उद्याचं आयुष्य या माणसानं ठरवायचं, आणि वर ते माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं?

पट्टी बोटांवर बसली. कडेनं. दुसऱ्यांदा बसली तेव्हा नखाखालून रक्त आलं. तिसऱ्यांदा मी पट्टी धरली, हिसकली, गुडघ्यावर मोडली. सरांनी थोबाडीत मारायला हात उगारला. त्याच हातात मी मोडकं टोक खुपसलं. सर किंचाळले आणि त्यांनी मला आईवरून शिवी दिली. शुद्ध मराठीत. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

घरी कळल्यावर आईनं माझा दंड धरला. “जा, सरांच्या पाया पड. पोलिसात देतील की गं तुला!”

“देऊ दे. पाया पडणार न्हाय.”

दुसऱ्या दिवशी बोटांना चिंधी गुंडाळून मी आईबरोबर कारखान्यात गेले. चेकरनं जुडी सोडली, एक विडी उचलली, मोडायला घेतली. आई हसायला लागलीच होती. मी त्याचं मनगट धरलं.

“आदी दावा, काय वाईट हाय तिच्यात.”

“पोरगी लई शिकली वाटतं,” तो म्हणाला. “हात सोड.”

मी सोडला नाही. चिंधीतलं रक्त त्याच्या बाहीला लागलं. त्यानं विडी परत जुडीत ठेवली, तेव्हा सोडला. त्या दिवशी आई पहिल्यांदाच तिथं हसली नाही.

पोलीस येतील कदाचित. आईचं काम जाईल कदाचित. पण यापुढे तिची धड विडी जो मोडेल, त्याची बोटं मी मोडीन. त्यात कदाचित नाही.