दणक्याचा ससा

दणका आधी मारायचा आणि मग विचारायचा, "काय म्हणत होतास बे?" गेवराईत आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर होतं, आणि त्याचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. गोदावरीतून वाळू भरून निघालेल्या गाड्यांपुढे मोटारसायकलवर चालायचं आणि वाट अडवणाऱ्याला बाजूला करायचं, हा त्याचा धंदा. बाजूला करायचं म्हणजे लोखंडी गजानं. एकाच्या गळ्याजवळचं हाड कसं मोडलं, हे त्यानं मला माझ्याच ओट्यावर चहा पिता पिता सांगितलं. पुढच्या वेळी मी त्याला चहा दिला नाही, तर गडी माझ्यावर रुसून बसला.

घरातही हात तसाच चालायचा. भिंतीपलीकडून येणारा आवाज भांड्याचा की माणसाचा, हे मला बसल्या जागी कळायचं. एकदा मी लाटणं घेऊन त्याच्या दारात उभी राहिले. "काकू, तुमी मधी पडू नका, लागंल तुमाला," तो म्हणाला, आणि अगदी काळजीनं म्हणाला. आता अशा माणसाचं काय करायचं? माझ्या नवऱ्याला चक्कर आली तेव्हा त्याला पाठुंगळी मारून दवाखान्यात पळत नेणाराही हाच. मला त्याची चीड यायची आणि त्याच्यावर माझा जीवही होता. दोन्ही एकदम असू शकतं, हे ज्यांच्या शेजारी असा कुणी राहिला त्यांना सांगावं लागणार नाही.

लेकीवर मात्र त्यानं कधी हात उगारला नव्हता. नऊ वर्षांच्या चिऊसाठी त्यानं लिंबागणेशच्या जत्रेतून पांढरा ससा आणला. नाव ठेवलं कापश्या. घरी आलेल्याला चहा-बिस्कीट दिल्याशिवाय सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत, ती या पाहुण्यालाही लागू झाली. कापश्या चहात बुडवलेलं बिस्कीट खायचा आणि पाला पुढे केला की तोंड फिरवायचा.

पोळ्याला तर दणक्यानं कहर केला. दारात बैल नव्हता, पण सण सुना जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून त्यानं कापश्यालाच पाटावर बसवलं. शिंगं नव्हती तर कानांना बेगड चिकटवली, गळ्यात घुंगरू बांधलं, ओवाळलं आणि वर पुरणपोळी चारली. बायको म्हणाली, "अवं, पोट फुगंल त्याचं." एवढंच. त्यानं सगळ्यांदेखत तिच्या तोंडावर मारलं आणि तिचा दात पडला. ती पदरानं तोंड दाबत उठली, लेकीचा हात धरला आणि रिक्षा करून उमापूरला माहेरी निघून गेली. ससा मागेच राहिला. चिऊनं फोनवर बापाला सांगितलं, "मी दिवाळीला कापश्याला भेटायला येईन. तो नसला तर मी येणारच न्हाई."

आणि कापश्यानं खाणं टाकलं. पोट टम्म फुगलं. दणक्याला बैलाचा इलाज ठाऊक होता, बैलानं वैरण सोडली की त्याच्या जिभेला मीठ-हळद चोळतात. त्यानं सशाची जीभ धरायला बोट घातलं आणि कापश्या कडकडून चावला. रक्त आलं. दणक्याचा हात वर गेला, आणि दारात उभ्या उभ्या मी डोळे मिटले. उघडले तर हात तसाच वर होता आणि ससा कोपऱ्यात थरथरत होता. मग त्यानं तो हात धाडकन स्वतःच्याच मांडीवर हाणला.

गुरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं की गोड चालू राहिलं तर हा मरणार. सशाचे दात सारखे वाढतात, त्याला गवत आणि पाला चावायलाच हवा. "आणि त्याच्यासमोर आरडाओरडा करू नका. ससा धसक्यानं जातो." हे त्यांनी कुणाला सांगितलं, तर दणक्याला!

पण माणूस घरात खरंच कुजबुजायला लागला. वाळलेलं गवत कायम पुढे असायचं. बिस्किटाचा चुरा मेथीच्या पानाला चोळायचा आणि तो चुरा रोज थोडा कमी करायचा. दारातून सहज डोकावलं तर हा धिप्पाड गडी गुडघे टेकून सशासमोर कोथिंबीर चघळतोय. "खा रे राजा, लई भारी लागतंय." कापश्या मुळ्याचा पाला पायानं मागे ढकलायचा. मग दणका मला हाक मारून त्याची तक्रार करायचा, "बघा काकू, कावून करतंय हे असं?"

सगळा राग तो बाहेर काढायचा. बाजारात मेथीवाल्याची गचांडी धरली, "औषधाचा फवारा कधी मारला, खरं सांग बे," आणि त्याची पाटी गटारात फेकली. एका दुपारी कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक गल्लीतून निघाली, जेसीबीतून फुलं उधळत आणि डीजे लावून. भिंती हादरल्या. नुकतं पान हुंगायला लागलेला कापश्या खाटेखाली घुसला. दणका गज घेऊन बाहेर पडला आणि डीजेचे दोन्ही कर्णे फोडूनच परत आला. मधे आलेल्या एका पोराचं डोकंही फुटलं.

त्याचा सूड घ्यायला मिरवणुकीतले लोक आले, भर दुपारी. कापश्या तेव्हा अंगणात दणक्याच्या मांडीवर बसून चुरा न लावलेली मेथी पहिल्यांदाच खात होता. ते बघायला त्यानं मला भिंतीपाशी बोलावलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. फाटक लाथेनं उघडलं. पाच-सहा जण, हातात काठ्या. दणक्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बे. खातंय."

एक जण हसला. दणका उठला, सशाला मेथीसकट घरात ठेवलं, कडी घातली आणि दारासमोर उभा राहिला. नुसत्या हातांनी त्यानं त्यातले तिघे लोळवले असते, पण त्यानं हात उचलला नाही. पहिल्या काठीसरशी तो दारावर आपटला आणि दार वाजलं. तसा तो आपणहून दोन पावलं पुढे आला आणि बाकीचा मार तिथं खाल्ला. बरगड्या, डोकं, उजवं मनगट. तोंडातून आवाज नाही. मी किंचाळले तर त्यानं माझ्यावरच डोळे वटारले. ते गेल्यावर रक्तात पडल्या पडल्या म्हणाला, "काकू, आत बघा. खातंय का?"

खात होता.

दिवाळीला चिऊ आली. आई रिक्षातून उतरली नाही. दणक्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. चिऊनं कापश्याला उचलून छातीशी धरलं आणि म्हणाली, "आई म्हणली, ह्याला घेऊन चल." दणक्यानं मान डोलावली. "मेथी कोरडी करून देत जा. मुळा आवडत न्हाई त्याला, जबरदस्ती करू नको," असं सांगता सांगता त्यानं तिच्या डोक्यावरून फिरवायला डावा हात पुढे केला.

चिऊनं झटकन मान खाली घातली आणि कोपर तोंडासमोर धरलं. कापश्या तिच्या कवेतून मान लांबवून त्याची बोटं हुंगत होता.

दणक्यानं हात मागे घेतला आणि जिथं उभा होता तिथंच मातीत बसला. लेक त्याला वळसा घालून फाटकाबाहेर गेली. रिक्षा सुरू झाली. तिचा आवाज विरल्यावर मी जवळ जाऊन म्हणाले, "ऊठ आता, आत चल."

"बसू द्या काकू," तो म्हणाला. "उठलो तर भिईल ती."

रिक्षा तोवर हायवेला लागली होती.