वेस्टर्न जर्मनी आणि वहीदभाई

वहीदभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा रडू यायच्या आधी मला राग आला. दोनच दिवसांपूर्वी आमचं भांडण झालं होतं. जुन्या बाजारातून मी हौसेनं आणलेली साखरदाणी त्यांनी न बघता, नुसतं वर्णन ऐकून, नकली ठरवली होती. ‘रविवारी येतो, मग तोंडावर सांगतो,’ म्हणाले, आणि रविवार उजाडायच्या आत निघून गेले... भांडण अर्धवट टाकून जायची खोडच होती त्यांना. आता दीड महिना झाला, तरी तो राग काही धड उतरत नाही.

वहीदभाई माझ्या यजमानांच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचे वडील निजामाच्या काळात छावणीतल्या एका बड्या अधिकाऱ्याकडं खानसामा होते. अठ्ठेचाळीस साली भारताचं सैन्य येऊन निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतर साहेब बंगला सोडून गेले, सामान लिलावात गेलं. त्याआधी वडिलांनी चिनी मातीच्या प्रत्येक बशीखालचा कारखान्याचा शिक्का एका वहीत उतरवून घेतला होता, आणि ती वही वहीदभाईंना तोंडपाठ होती. त्यामुळं कुणाच्या घरी चिनी मातीची जुनी जर्मन भांडी निघाली की लोक त्यांना बोलवायचे, आणि बोलावल्याचा पश्चात्तापही करायचे. ते बशी उजेडाकडं धरून पलीकडं बोटांची सावली दिसते का बघायचे, नखानं टिचकी मारून नाद ऐकायचे, कडेची सोनेरी रेघ किती झिजली ते न्याहाळायचे. शिक्क्यावरून अंगठा फिरवत मला शिकवायचे, ‘शिक्का चकाकीच्या खाली पाहिजे, वहिनी. बोटाला लागला की समजायचं, दाल में कुछ काला है.’ हे सगळं घरात चालेल. पण माझ्या भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांची बशी चिवड्यासकट उलटी केली होती. वर म्हणाले, ‘चिवडा काय, पुन्हा भरता येतो.’

आमचा खरा तंटा झाला तो सासरच्या सेटवरून. आमचं मूळ गाव करमाडजवळचं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत माझ्या सासऱ्यांनी शेजारगावच्या एका जहागीरदारांच्या कुटुंबाला आठ दिवस आपल्या घरात लपवून ठेवलं होतं. निवळल्यावर जाताना त्यांच्या बेगमनी निळ्या काठाचा, सोनेरी रेघेचा जेवणाच्या ताटल्यांचा जर्मन सेट आठवण म्हणून आमच्या घरात ठेवला. ही हकीकत आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागे. सेटमध्ये कुणी कधी जेवलं नाही; तो काचेच्या कपाटातच असायचा. सासरे वारल्यानंतर आम्ही शहरात, गारखेड्यात घर बांधलं, तेव्हा थोरल्या दिरांनी वाटणीचा विषय काढला. अशी वस्तू एकाकडंच का राहावी? आधी किंमत तरी कळू दे, असं ठरलं आणि मीच, माझ्या हातानं, वहीदभाईंना बोलावलं.

सगळे जमले होते. सासूबाई कोपऱ्यात पाटावर बसल्या होत्या. वहीदभाईंनी पहिली ताटली उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, ‘ही पोलीस ॲक्शनच्या नंतरची आहे.’

‘काय बोलता मास्तर?’ दीर उठूनच उभे राहिले.

‘खाली ‘वेस्टर्न जर्मनी’ लिहिलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, त्यानंतरचा हा शिक्का. तुम्हाला मिळाला म्हणता तेव्हा असं लिहायची सुरुवातही नव्हती. माल चांगला आहे, पण बाजारातला साधा माल. फार काही येणार नाही.’

माणसानं जरा इकडंतिकडं बघून बोलावं की नाही? सासऱ्यांचा हार घातलेला फोटो समोरच भिंतीवर होता. दीर म्हणाले, ‘म्हणजे आमचा बाप खोटं बोलायचा?’ यावर गप्प बसावं, तर हे म्हणतात, ‘ते मला माहीत नाही, ताटली खोटं बोलत नाही.’ यजमानांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. मीही दार लावताना ‘या’ म्हटलं नाही.

आठवडाभरानं सासूबाईच म्हणाल्या, ‘त्या मास्तरला बोलवा. थोरल्यालाबी बोलवा.’

वहीदभाई आले. राग ना रुसवा, खिशात भिंग तेवढं होतं. सासूबाईंनी त्यांना समोर बसवलं.

‘तू म्हनला ते खरं हाय बाबा. तो सेट हा नव्हं. चार-पाच वर्सांनी बेगम परत आल्ती. पोरीचं लगीन ठरलेलं, घरात काय राह्यलं नव्हतं. व्याह्यांम्होरं जेवन मांडायचं कशात? तिनं मागितलं नाय. नुसतं कपाटाकडं बघितलं... मी कडब्यात बांधून गाडीत घालून दिला. भाऊबंदांनी बोलू नये म्हनून ह्यांनी हैदराबादेहून असाच दुसरा आनला. काठ तेवढा जुळवला. खाली काय लिव्हलंय ते कुनाला वाचता येत व्हतं!’

दीर डोळे पुसत होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस चार बरे शब्द बोलेल. वहीदभाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘अम्मा, लई मोठं काम केलं तुम्ही.’ आणि आमच्याकडं वळून, ‘पण किंमत तीच राहील, जी मी सांगितली.’

त्यांच्यापुढं केलेला पाण्याचा तांब्या मी मागं घेतला. सासूबाई मात्र तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. वाटणीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

गेल्या आठवड्यात वहीदभाईंच्या पत्नी रजियाभाभींनी मला बोलावलं. वहीदभाईंच्या खोलीतली एक फळी रिकामी करायची होती. मला वाटलं होतं, काय काय निघेल! निघाल्या त्या टवके उडालेल्या बशा, कान तुटलेले कप, झाकणाशिवाय एक चहादाणी. चांगली वस्तू दिसली की हा माणूस मालकाला आधी खरी किंमत सांगून मोकळा व्हायचा. मग ती त्याला परवडणार कशी? चरफडत मी एकेक कप पुसत होते.

‘काही येईल का याचं?’ भाभींनी विचारलं.

एक बशी मी खिडकीशी नेली, उजेडाकडं धरली, नखानं टिचकी मारली. ‘खरं सांगू का भाभी? काही येणार नाही.’

भाभी खुदकन हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ‘हूबहू,’ म्हणाल्या. ‘असंच बोलायचे. दुसऱ्याच्या जिवाचा जरा म्हणून विचार नाही.’

मी ओशाळले. त्यांनी माझ्या हातातली बशी घेतली, ओढणीनं पुसली आणि फळीवर होती तिथं ठेवली.